खिडकी कुठल्या बाजूला

बुधवारी सकाळी शेखलाल दारात आला आणि चप्पल न काढता उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"मावशी, जरा घरला येता का? पोरगी रडाय लागलीया. तिचं काय चुकलंय ते तुमी तरी सांगा."

"काय चुकलंय?"

"त्येच तर कळंना की."

शेखलाल आमच्या समोर राहतो. त्याचा टेम्पो आहे, कारखान्यातून चादरींचे गठ्ठे उचलून तो दुकानांना पोचवतो. सबा त्याची एकुलती एक. पुण्याला अॅनिमेशन शिकते, शेवटचं वर्ष. तिथे पेपर वगैरे नसतो म्हणे. ज्यानं त्यानं आपला एक छोटा चित्रपट करून द्यायचा. सबानं चार मिनिटांचा चित्रपट केला होता, तो आपल्या दादीवर. ती दादी म्हणजे अकबरी. अकबरी माझी मैत्रीण. चार वर्षांपूर्वी गेली.

मला बोलावण्याचं कारण एवढंच की नवी पेठेत माझ्या दादाचा, जोतीरामचा, फोटो स्टुडिओ होता आणि मी तिथे एकतीस वर्षं काम केलं. मागच्या खोलीत बसायची. निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीनं रिटचिंग करायचं, प्रिंटवर ब्रशनं रंग भरायचा. लोकांच्या चेहऱ्यावरच्या पुटकुळ्या, सुरकुत्या, डोळ्यांखालची काळी वर्तुळं मी घालवली आहेत. सोलापुरातल्या निदान दोन पिढ्यांची लग्नं माझ्या पेन्सिलीनं जुळली असं दादा म्हणायचा.

शेखलालच्या घरात गेले तर कूलर कोपऱ्यातल्या टेबलाकडे तोंड करून ठेवलेला. टेबलावर सबाचा कॉम्प्युटर. घरातली माणसं घामानं भिजलेली आणि कॉम्प्युटरला गार वारा.

"बघा मावशी," शेखलाल म्हणाला, "आमच्या घरात पाव्हणा आलाय. त्येला ऊन सोसत न्हाई."

"अब्बा, तो तापला की बंद पडतो. सांगितलंय ना." सबाचे डोळे सुजलेले होते. तिनं माझ्यासाठी खुर्ची ओढली. "मावशी, तुम्ही फक्त बघा. काही बोलू नका आधी."

पडद्यावर एक खोली आली. खाली शहाबादी फरशी, एका बाजूला खिडकी, खिडकीतून सकाळचं ऊन. उन्हात एक तरुण बाई मांडी घालून बसलेली, डोक्यावरून घेतलेला पदर दोन्ही खांद्यांवर लपेटलेला, मांडीवर सूप. ती तेंदूचं पान कात्रीनं कापत होती. पान फिरलं, कात्री चालली, कडेचे तुकडे सुपात पडले. मग तिनं चिमूटभर तंबाखू घातली, विडी वळली, दोरा गुंडाळला. मान खालीच. एवढाच नऊ सेकंदांचा तुकडा.

ही खोली पाडून तिथे गाड्या लावायची जागा झाली त्याला वीस वर्षं होऊन गेली, आणि ती इथे टेबलावर होती.

"किती छान गं!"

"छान सगळेच म्हणतात. आता अब्बांना विचारा, ही कोण आहे."

शेखलालनं मान खाजवली. "अम्मीच हाय की. म्हंजे... तिच्यावानी हाय."

"ऐकलंत? तिच्यावानी!" सबा माझ्याकडे वळली. "दोन महिने झाले हेच चाललंय. उजेड वाढवला, तिच्यावानी. कमी केला, तिच्यावानी. पिवळा केला, मऊ केला, खिडकीत धूळ उडवली. शनिवारी पाच वाजेपर्यंत फिल्म पाठवायची आहे. माझ्या बापाला त्याची आई ओळखू येत नसेल तर मी ती पाठवणार नाही."

"नाही पाठवलीस तर?"

"वर्ष जाईल."

"मी कुटं म्हणालो पाठवू नगं?" शेखलाल म्हणाला. "मी म्हणतो, झ्याक हाय. हीच मला सारखं विचारती, अब्बा, दिसली का. आता दिसली न्हाई तर खोटं बोलू व्हय?"

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. भिंतीवर समोरच अकबरीची फ्रेम होती. जोडफोटो, डावीकडे तिचा नवरा हमजा, उजवीकडे ती विड्या वळताना. त्या फोटोवरूनच सबानं खोली उभी केली होती, खिडकी, सूप, कात्री, पदराची घडीसुद्धा. मी पडद्याकडे बघायची, फ्रेमकडे बघायची. सगळं जुळत होतं. तरी शेखलाल म्हणत होता ते खरं होतं. काहीतरी नव्हतं. ते काय, हे मला सांगता येईना.

काहीतरी सांगायचं म्हणून मी म्हटलं, "नाकाखालची सावली काढ."

आमच्याकडे ती पहिली शिकवण होती. गिऱ्हाइकाच्या नाकाखाली सावली नको, ती मिशीसारखी दिसते. सबानं ऐकलं. पडद्यावर तिनं खोलीत आणखी एक दिवा लावला, म्हणजे दिसणारा नाही, नुसता उजेड देणारा. थोड्या वेळात एक चित्र तयार झालं. ते आधी दाणेदार आलं आणि हळूहळू निवळत गेलं. मला गंमत वाटली. आमच्या प्रिंटवरही दाणे यायचे, कमी उजेडात काढलेला फोटो मोठा केला की.

"हे दाणे का?"

"कॉम्प्युटर एकेक किरण सोडून बघतो, कुठे आपटतो, कुठे जातो. थोडेच किरण सोडले की दाणे राहतात. जास्त सोडले तर वेळ लागतो. या नऊ सेकंदांत दोनशे सोळा चित्रं आहेत. प्रत्येकाला तीन मिनिटं. अकरा तास. यालाच रेंडर म्हणतात. मग मी काय करते, किरण कमी सोडते आणि दाणे पुसणारा एक प्रोग्राम आहे तो लावते."

चित्र पूर्ण झालं. नाकाखालची सावली गेली होती.

"आता तर मेणाची झाली," शेखलाल म्हणाला.

आणि त्याच क्षणी मला कळलं. निदान मला तसं वाटलं. मेणाची. अकबरीला लहानपणी देवी आल्या होत्या. तिच्या दोन्ही गालांवर, कपाळावर वण होते, ज्वारीचा दाणा रुतून बसेल एवढे. फोटोत ते नव्हते, कारण निगेटिव्हवर पेन्सिलीनं ते मीच भरून काढले होते. एकोणीसशे त्र्याहत्तर साली. तीन दिवस लागले होते. माझं एवढं नाजूक काम दादानंही पहिल्यांदाच पाहिलं होतं, आणि अकबरी खूश होऊन माझ्यासाठी सुरमा घेऊन आली होती.

मी हे सांगितल्यावर सबा तोंड उघडं टाकून बघत राहिली.

"दादीला वण होते?"

"हां, व्हते की," शेखलाल म्हणाला. "मी बोट घालायचो त्यात." मग त्यानं फ्रेमकडे पाहिलं. "च्यायला, मी इसरलोच. तुला त्ये दिसले न्हाईत काय गं? तू तर मांडीवर खेळलीस तिच्या."

"मला सुरकुत्या आठवतात, अब्बा. सुरकुत्यांत काय काय होतं ते नाही आठवत."

मला शरम वाटली. पण बरंही वाटलं, की रोग सापडला. सबानं दुपारभर बसून गालावर वण घातले. मी शेजारी बसून सांगत होते, इथे खोल, इथे उथळ, भुवईवर एक लांबट. मग तिनं तो जास्तीचा दिवा काढून टाकला आणि खिडकीतला उजेड खाली आणला, तिरका, गालावरून घासत जाईल असा. प्रत्येक वणाच्या एका कडेला सावली पडली. दाणे पुसणारा प्रोग्राम तिनं बंद केला. म्हणाली, तो वणच पुसून टाकेल. म्हणजे माझ्यासारखाच.

गुरुवारी सबंध दिवस कॉम्प्युटर चालला. मध्ये दोन वेळा वीज गेली. शेखलालनं टेम्पोची जुनी बॅटरी आणि कुणाकडून तरी मागून आणलेला इन्व्हर्टर जोडून दिला आणि स्वतः ओला टॉवेल डोक्यावर घेऊन ओट्यावर बसला. गल्लीतली माणसं विचारायची, काय चाललंय रे? तो म्हणायचा, "आमची अम्मी शिजतीया."

शुक्रवारी सकाळी मी अंघोळ करून, केस विंचरून गेले, जसं कुणाला भेटायला जावं तसं. सबानं तो नऊ सेकंदांचा तुकडा लावला.

वण होते. ऊन त्यांच्यावरून सरकत होतं. कातडी कातडीसारखी दिसत होती. मला तर वाटलं, आता मान वर करून मला म्हणेल, आलीस व्हय गं वच्छे.

मी शेखलालकडे पाहिलं. तो पुढे वाकला होता. त्यानं पुन्हा लावायला सांगितलं, मग पुन्हा. मग अगदी हळू म्हणाला, "लई जवळ आलीया. पण न्हाई."

सबा उठून आत गेली. तिची आई अंगणवाडीत जायला निघाली होती, ती दारात थबकली, नवऱ्याकडे डोळे वटारून बघितलं आणि गेली.

"मी काय करू मावशी?" शेखलाल म्हणाला. "खोटं बोलायचं का?"

सबा परत आली तेव्हा तिनं तोंड धुतलेलं होतं. ती म्हणाली, "बरं. चेहरा सोडून द्या. दुसरं काय खटकतं? काहीही सांगा. खुळ्यासारखं वाटलं तरी सांगा."

शेखलाल बराच वेळ बघत राहिला. "ती कात्री."

"काय कात्रीचं?"

"डाव्या हातात हाय."

"फोटोत डाव्या हातातच आहे, अब्बा."

आम्ही तिघंही फ्रेमपाशी गेलो. कात्री डाव्या हातात होती. त्यात शंका नव्हती.

"मग अम्मी डावरी व्हती," शेखलाल म्हणाला.

"होती का?" मी विचारलं.

"फोटोत हाय म्हंजे असंल की."

"अरे, तुझी आई. तुला माहीत नाही?"

"तुमची मैत्रीण. तुमाला ठावं न्हाई?"

सबाला आठवत होती ती दोन्ही हातांनी पेला धरणारी म्हातारी दादी. मी डोळे मिटले. अकबरी पान कापताना दिसली. कात्री डाव्या हातात. पण ती फोटोतलीच अकबरी होती, तसाच पदर, तशीच खिडकी. मी दुसरी कुठली अकबरी आठवायला लागले, पाणी भरताना, भाकरी थापताना, ताटलीतली बोरं माझ्यापुढे सरकवताना. हात दिसत होते पण कुठला कुठला ते दिसत नव्हतं. पन्नास वर्षांची ओळख, आणि मला एवढं सांगता येईना. मी खुर्चीवर बसले.

सबाच हुशार. तिनं विचारलं, "अब्बा, दादी तुम्हाला मारायची?"

"मारायची म्हंजे! लई मारायची. शाळा चुकवली की सनकन."

"कुठल्या गालावर बसायची?"

शेखलालचा हात आपोआप उठला आणि डाव्या गालावर गेला. त्यानं विचार केलाच नाही. त्रेपन्न वर्षांचा माणूस, डाव्या गालावर हात ठेवून उभा राहिला.

सबा त्याच्यासमोर उभी राहिली. उजवा हात उचलून हवेतच त्याच्या गालापर्यंत नेला. तो डाव्या गालावर आला. डावा हात उचलला, तो उजव्या गालाकडे गेला.

"उजवा हात," ती म्हणाली. "दादी डावरी नव्हती. मग फोटोत डाव्या हातात कात्री कशी?"

मी फ्रेमच्या अगदी जवळ गेले, चष्मा वर करून, रिटचिंग करताना बघायची तशी. अकबरीच्या मागे भिंतीवर एक करडा चौकोन होता.

"सबा, हे काय आहे?"

"फडताळाचं दार. मी तेच केलंय फिल्ममध्ये."

"त्या खोलीत फडताळ नव्हतं," मी म्हटलं. "तिथे कॅलेंडर होतं. तंबाखूच्या दुकानाचं."

आणि मग ते सगळं माझ्यापाशी आलं, एकदम नाही, तुकड्यातुकड्यांनी, उलटसुलट. तो फोटो मी स्वतः काढला होता. दादानं नवा कॅमेरा घेतला होता आणि मला हात लावू देत नव्हता. एका रविवारी तो लातूरला गेला तेव्हा मी कॅमेरा पिशवीत घालून अकबरीकडे गेले. तेव्हा शेखलाल दोन वर्षांचा होता, पाळण्यात झोपला होता. मी फोटो काढला, रिटच केला, छोटी प्रिंट तिला दिली. ती पुढे कुठे हरवली. सहा वर्षांनी हमजा ट्रक घेऊन गेला आणि परत आला नाही. मग अकबरी स्टुडिओत आली, हमजाचा एक फोटो आणि तिचा तोच, दोन्हीची जोडफ्रेम करून दे म्हणून.

आमच्या धंद्यात जोडफ्रेमचा एक रिवाज होता. नवराबायकोनं एकमेकांकडे बघायला पाहिजे. पाठ करून बसलेली जोडी कुणी भिंतीवर लावत नसे. पण हमजाचंही तोंड उजवीकडे होतं आणि अकबरीचंही उजवीकडे. कसेही ठेवले तरी एकाचं तोंड बाहेरच जायचं. अशा वेळी आम्ही एकाची निगेटिव्ह उलटी घालून प्रिंट काढायचो. हमजाची उलटी करता येईना, छातीवर ड्रायव्हरचा बिल्ला, त्यावर अक्षरं. मग अकबरीचीच केली. तिच्या मागच्या कॅलेंडरवरचे आकडे उलटे आले, तर दादा म्हणाला, रंग भर त्यावर. मी भरला. अर्ध्या तासाचं काम. त्या वर्षात अशी कितीतरी केली असतील.

"म्हंजे फोटो उलटा हाय?" शेखलालनं विचारलं.

"उलटा आहे."

"पंचेचाळीस वर्षं आमी उलटी अम्मी बघतुय?"

"तुम्ही सगळेच. मीसुद्धा."

सबा हसायला लागली. तिला हसू आवरेना, आणि हसता हसताच ती टेबलाशी जाऊन बसली. "माझे सर दोन महिने ओरडतायत, गल्लीतला सूर्य आणि खोलीतला सूर्य जुळत नाही म्हणून. गल्ली मी अब्बांना विचारून केली, खोली फोटोवरून. बाहेरून बघावं तर ऊन एका अंगाला, आत गेलं की दुसऱ्या. सूर्य घरावरून उडी मारून गेल्यासारखा. मी म्हटलं, जुनं घर आहे, असेल काहीतरी."

तिनं काहीतरी दाबलं. पडद्यावरची खोली आरशात जावी तशी उलटली. खिडकी इकडची तिकडे गेली, कात्री उजव्या हातात आली. यासाठी अकरा तास लागले नाहीत, अकरा सेकंदही लागले नाहीत.

शेखलाल उभाच होता. कूलरचं पाणी संपत आलं होतं, त्याचा खरखर आवाज येत होता. मग तो पडद्याला ऐकू जाईल इतपत आवाजात म्हणाला, "अम्मी, जरा इधर देखो ना."

सबानं माझा हात धरला.

"ही वर बघत न्हाई का?" शेखलालनं विचारलं.

"नाही अब्बा. नऊ सेकंद खालीच मान आहे."

"मग लाव परत."

मला वाटलं, झालं, आता पाठवून टाकेल. पण त्याच वेळी मला आणखी एक गोष्ट आठवली, आणि ती सांगावी की नाही हे मला कळेना. शेवटी सांगितली. जोडफ्रेम न्यायला अकबरी आली तेव्हा तिनं हमजाकडे नाही, स्वतःकडेच बघितलं. पहिल्या प्रिंटच्या वेळी वण गेले म्हणून ती खूश झाली होती, पण म्हणाली होती, ही माझी बहीण वाटते. या वेळी मात्र म्हणाली, "हां, येच मैं हूं." मला तेव्हा कळलं नव्हतं की तिला असं का वाटलं. पुढे दादानं सांगितलं, माणूस स्वतःला आरशातच बघतो, त्याला उलटाच फोटो खरा वाटतो.

सबाचा चेहरा उतरला. "म्हणजे दादीला जी दादी वाटली ती ही नाही."

"नाही."

"मग मी कुणाची करू?"

मला काय माहीत? मी घरी आले. जेवण गेलं नाही. वाटत होतं, हे सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. म्हातारपणी आठवणी येतात त्या एकेक करून येतात, आणि पुढची येईपर्यंत आधीचीच खरी वाटते.

शनिवारी सकाळी सबा स्वतःच मला न्यायला आली. तिचं ठरलं होतं. "दादी आरशात एकटी बघायची, मावशी. फिल्म बाकीचे बघणार आहेत. बाकीच्यांना ती जशी दिसायची तशीच मी ठेवणार."

पण एक अडचण उरली होती. खोलीतल्याच आणखी दोन शॉटमध्ये मागे पत्र्याची ट्रंक होती आणि तिच्यावर पांढऱ्या रंगानं हमजा असं लिहिलेलं होतं. चित्र उलटल्यावर अक्षरंही उलटी झाली होती.

"रंग भर त्यावर," मी म्हटलं.

सबानं माझ्याकडे बघितलं आणि आम्ही दोघीही हसलो. तिनं रंग भरला नाही. ट्रंकेवरचं नाव तिनं आधीच उलटं लिहिलं, म्हणजे सगळं चित्र उलटल्यावर ते सुलटं येईल. फडताळाचं दार काढून तिथे कॅलेंडरही लावलं असतं, पण तेवढा वेळ नव्हता. ती म्हणाली, कुणी विचारलं तर फडताळ म्हणून सांगेन. दोन्ही शॉट लहान होते, तरी रेंडरला सहा तास लागणार होते. त्या दिवशी वीज गेली नाही. शेखलालनं टेम्पो बाहेर काढलाच नाही, कूलरच्या टबात बर्फाची लादी आणून टाकली आणि तिथून हलला नाही.

साडेचारला सगळे तुकडे जोडून फिल्म तयार झाली. सबानं पाठवायला लावली. पडद्यावर एक पट्टी आली आणि ती डावीकडून हळूहळू भरायला लागली. ती पूर्ण भरली की गेली, असं तिनं सांगितलं.

शेखलालला दम निघेना. त्यानं पडद्यावरच्या अकबरीचा फोटो मोबाइलवर काढून जेऊरला धाकट्या बहिणीला, जैतूनला, पाठवला होता. तिचा फोन आला. त्यानं सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर लावला.

"ह्ये कुणाचं चित्र हाय, भाईजान?"

"कुणाचं म्हंजे? अम्मी हाय की!"

"न्हाई बाई. अम्मी अशी न्हवती. वण बरोबर हायत, पण ही न्हाई. आमच्या घरात बी हाय की त्योच जोडफोटो, रोज बघती मी."

सबाचा हात माउसवर गेला. पट्टी अर्ध्यावर आली होती.

"तू फोटोच बघतीयस!" शेखलाल ओरडला. "तुला मारलं न्हाई तिनं कधी, तुला काय ठावं कुठला हात ते!"

"मला कशाला मारंल? मी तुझ्यासारखी व्हते व्हय?"

सबा माझ्याकडे बघत होती. "मावशी? थांबवू? खरं सांगा, तुम्हाला कशी वाटते?"

मी पडद्याकडे पाहिलं. कालपासून मी तिला कितीतरी वेळा पाहिलं होतं आणि बोलले नव्हते.

"मला ही ओळखू येत नाही," मी म्हटलं. "खोटं कशाला सांगू. मला वाटतं कुणी नात्यातली आहे तिच्या. पण माझी आणि जैतूनची गत एकच आहे गं. तिनं ती फ्रेम बघण्यात वर्षं काढली, मी तर ती बनवली. आमच्या डोळ्यांवर जाऊ नकोस. तू कुणाला दाखवायला निघाली होतीस?"

"अब्बांना."

"त्याला दिसली का?"

सबानं बापाकडे बघितलं. तो फोनवर भांडत होता, पण नजर पडद्यावरच होती. जैतूनशी बोलताना मध्येच थांबून तो पडद्याकडे बघून मान हलवत होता, जसं खोलीत तिसरं कुणी बसलं असेल आणि तिलाही यात घ्यायचं असेल.

सबानं माउसवरचा हात काढून घेतला. पट्टी सरकत राहिली. चार वाजून बावन्न मिनिटांनी ती पूर्ण भरली आणि खाली हिरव्या अक्षरांत काहीतरी आलं. सबानं ते दोनदा वाचलं आणि खुर्चीत मागे टेकली.

"गेली?"

"गेली."

"चहा कर मग," मी म्हटलं.

ती उठली. शेखलालनं जेऊरचा फोन अजून ठेवला नव्हता. तो आता जैतूनला ती खोली समजावून सांगत होता, दार कुठं, चूल कुठं, पाळणा कुठं टांगलेला. खिडकीपाशी आला की ती मोडता घालायची, आणि तो पुन्हा दारापासून सुरू करायचा.